खान्देशात राहून खाद्यसंस्कृतीवर लिहायचं असेल तर

शेवभाजी कशी करायची हे दाखवणारे व्हिडिओ आता उदंड झाले. त्यात आणखी एकाची भर घालायला पत्रकार लागत नाही. पण त्या शेवेचं बेसन ज्या हरभऱ्याचं, तो जळगावच्या डाळ मिलमध्ये कुठून आला, तिथे पोती वाहणाऱ्याला दिवसाची मजुरी काय मिळते, महामार्गावरच्या ढाब्यावर मध्यरात्री तो रस्सा ढवळणारा माणूस कोणत्या गावचा, हे सांगणारं लेखन शोधायला गेलात तर हाती फार थोडं लागतं. खाद्यसंस्कृतीवर लिहिणाऱ्या पत्रकाराचं काम तिथून सुरू होतं. पीक, पाणी, भाव, मजुरी, जात, सण, स्थलांतर हे सगळं आधी; चवीचं वर्णन सर्वांत शेवटी.

या कामासाठी पुण्या-मुंबईला जावंच लागतं असा एक समज आहे. मला तो मान्य नाही. चोपड्याच्या कॉलेजात शिकणारी मुलगी, शिरपूरचे शिक्षक, शहाद्याहून जिल्हा आवृत्तीला तहसीलच्या बातम्या पाठवणारा वार्ताहर, यांच्यापैकी कुणीही उद्यापासून लागू शकतं. तापीचं खोरं आणि सातपुडा, केळी आणि कापूस, लेवा गणबोली, अहिराणी, भिली आणि पावरी बोलणारी घरं, इतका ऐवज जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत आहे की एका लेखकाचा जन्म पुरायचा नाही.

पहिली पायरी: एकच जिन्नस निवडा

नवीन लेखक ‘खान्देशी खाद्यसंस्कृती’ असा मोठा विषय घेऊन बसतो आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, वरण-बट्टी, डुबुकवडे, फौजदारी डाळ, खापरावरची पुरणपोळी अशी नावं एकाखाली एक मांडतो. प्रत्येकाला दोन ओळी, शेवटी ‘तोंडाला पाणी सुटतं’. असा लेख कुणीही, कुठेही बसून लिहू शकतो. त्याऐवजी एक जिन्नस घ्या आणि पूर्ण वर्ष त्याचा पाठपुरावा करा.

भरताचं वांगं घेऊन बघू. यावल तालुक्यातल्या बामणोद-भालोदकडच्या हिरव्या, मोठ्या वांग्यांचं नाव तुम्ही ऐकलेलं असेलच. ‘जळगाव भरीत वांगी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. बातमीसाठी एवढं पुरतं, लेखासाठी पुरत नाही. लेखासाठी रोप टाकण्याच्या दिवसांत शेतावर जायचं. बियाणं घरचं धरलंय की विकतचं, हे विचारायचं. मानांकन मिळाल्यावर शेतकऱ्याच्या हातात किलोमागे काही जास्त पडतं का, हे त्याच्याच विक्रीच्या पट्टीवरून बघायचं. मग हिवाळ्यात भरीत भाजून देणाऱ्या केंद्रावर एक अख्खा दिवस उभं राहायचं. वांगी भाजायला कोण बसतं, सोलतं कोण, ठेचतं कोण, दिवसाची मजुरी किती, संध्याकाळी उरलेल्या मालाचं काय होतं?

आणि जाळाकडे नीट बघायचं. हे वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजतात, तो धूर चवीत उतरतो. काड्या हिवाळ्यात मिळतात, कारण तोवर वेचण्या आटपत आलेल्या असतात. आता इकडे कृषी विभाग सांगतो की गुलाबी बोंडअळी रोखायची तर फरदड (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी) घेऊ नका, डिसेंबरअखेर कपाशी काढून टाका, काड्या बांधावर साठवू नका. म्हणजे भरताच्या धुराचा धागा थेट बोंडअळीपर्यंत जातो. किती शेतकरी काड्या रोटाव्हेटरने जमिनीत गाडतात, किती जण भरितासाठी राखून ठेवतात, हा प्रश्न घेऊन चार गावं फिरलात की जो लेख होईल, तो दुसरीकडे कुठेही बसून लिहिता येणार नाही. असं एक सूत्र सापडलं की विषय पकडीत आला असं समजा.

वांगं नको असेल तर नंदुरबारची मिरची घ्या. तिथली मिरच्या वाळवण्याची लालभडक मैदानं फोटोसाठी सगळेच टिपतात. देठ खुडत बसलेल्या बायकांच्या हाताची आग फारशी कुणी लिहीत नाही. अवकाळी पावसाच्या एका सरीत वाळत घातलेल्या मालाचं काय होतं, हेही तिथेच कळतं. केळी घ्यायची असेल तर रावेरच्या शेतकऱ्याचे डोळे रोज बऱ्हाणपूरच्या भावाकडे का लागलेले असतात, तिथून सुरुवात करा. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी राजांच्या काळात खान्देशाची राजधानी तेच होतं. जिल्ह्याच्या हद्दीवर थांबलात तर अर्धा विषय पलीकडे राहील.

दुसरी पायरी: सणांचं आणि हंगामांचं कॅलेंडर

वहीच्या पहिल्या पानावर बारा महिने लिहा. उन्हाळ्याच्या तोंडाशी बिबड्या (ज्वारीचे थापलेले पापड), कुरडया, पापड. होळीआधी सातपुड्यात आदिवासींचा भोंगऱ्या बाजार, होळीला अक्कलकुवा तालुक्यातली काठीची होळी. त्याच सुमारास मोहाची फुलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरणं, सांजोऱ्या, खापरावरची पोळी, आमरस आणि माहेरी आलेल्या लेकींचे झोके. श्रावणात कानबाई देवीचा सण. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. घोड्यांच्या बाजारासाठी ती गाजते, पण लांबून येणारे घोडेवाले तिथे चूल कशी मांडतात, हा वेगळाच विषय आहे.

वर्तमानपत्राला सणाचा मजकूर सणाच्या आठवडाभर आधी हातात हवा असतो. म्हणून काम वर्षभर आधी करायचं: यंदाच्या आखाजीला बघा, टिपा, फोटो काढा, आणि पुढच्या आखाजीआधी छापायला द्या. दिवाळी अंकांचं तर त्याहून लवकर. १९०९ पासून चालत आलेल्या या परंपरेत संपादक साधारण पावसाळ्यातच विषय ठरवून मोकळे होतात. ऑक्टोबरात फोन करून उपयोग होत नाही.

तिसरी पायरी: ऐकणं आणि टिपणं

माझ्या मते या कामातला सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा भाग हाच.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी आज आपल्याकडे आहेत, कारण मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी ती ऐकून उतरवून ठेवली आणि १९५२ मध्ये ती छापली गेली. आसोद्याच्या या एका बाईचं बोलणं वाचलं. तिच्यासारख्या किती जणींचं जात्याबरोबर विरून गेलं, याची मोजदाद कशी करणार? तुमच्या आजीला, शेजारच्या नानीला, गिरणीवर कळणा दळायला आलेल्या आक्काला जे ठाऊक आहे, ते अजून कुठेच लिहिलेलं नाही. पुढे काय शिल्लक राहणार हे तुमच्या रेकॉर्डरवर अवलंबून आहे, असं समजूनच घराबाहेर पडा.

विचारायचं कसं? ‘तुमची पारंपरिक पाककृती सांगा’ असं म्हटलं की समोरची बाई टीव्हीवर ऐकलेली भाषा बोलायला लागते. त्यापेक्षा कामात हात घाला. बिबड्यांच्या दिवशी जा. भिजवून भरडलेली ज्वारी मोठ्या पातेल्यात शिजत असते, घाटा उलथायला दोन माणसांचं बळ लागतं, खाटेवर ओलं कापड पसरलेलं असतं. थापायला बसा. वाटीत गरम घाटा आणि वर तेल समोर आलं की बोलणं आपोआप सुटतं. मग विचारा: ‘मावशी, आज तुमच्याकडे या सगळ्या आल्या, उद्या तुम्ही कुणाकडे जाणार?’ या एका प्रश्नातून गल्लीतली सावड, म्हणजे एकमेकींच्या कामाला आळीपाळीने जाण्याची रीत, कळते. कोण कुणाच्या अंगणात येतं आणि कोण येत नाही, तेही कळतं.

बोली येत असेल तर बोलीतच बोला. येत नसेल तर उगाच तोडकीमोडकी वापरू नका. त्यांना बोलीत बोलू द्या, तुम्ही साध्या मराठीत विचारा. आबा, जिभाऊ, नानी, आक्का ही संबोधनं तोंडात असू द्या, ‘सर-मॅडम’ नको. लिहिताना त्यांचं वाक्य प्रमाण मराठीत धुऊन काढू नका. अहिराणी, लेवा गणबोली किंवा पावरीतलं एखादं वाक्य जसंच्या तसं ठेवून अर्थ पुढच्या वाक्यात सहज येऊ द्या.

मापांची काळजी घ्या. घरात सगळं अदमासाने चालतं: मूठभर, चिमूटभर, ‘हाताला कळतं’. एक छोटा वजनकाटा जवळ ठेवा. घालण्याआधी आणि घातल्यानंतर डबा तोला, त्यांना थांबवू नका. कळण्याच्या पिठात ज्वारीला उडीद किती, हे प्रमाण घरागणिक बदलतं. तीन-चार घरांची वजनं शेजारी शेजारी ठेवलीत की फरक का पडतो हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. कानबाईच्या रोटांना तर गहू घरातल्या माणसांच्या हिशेबाने मोजून घेतात. तिथलं माप स्वयंपाकाचं कमी आणि कुळाचं जास्त असतं. त्यामुळे ‘एक किलो गहू’ असं लिहिलंत तर मुख्य गोष्टच हुकेल.

रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी विचारा, फोटोआधी विचारा, नाव छापू का हे वेगळं विचारा. मोहाच्या दारूबद्दल किंवा मालकाच्या त्रासाबद्दल कुणी मोकळेपणाने बोललं असेल तर नाव आणि गाव दोन्ही बदला, आणि बदललं आहे हे लेखात स्पष्ट लिहा. त्याच रात्री टिपणं उतरवा: तारीख, गाव, कोण, कुठे. दोन दिवसांनी आवाज ऐकून चेहरा आठवत नाही.

आणखी एक, ज्याबद्दल मला फार तळमळ वाटते. कुणाची चूल ‘खान्देशी’ म्हणून छापली जाते, याकडे लक्ष ठेवा. आजवरचं बरंचसं लेखन जमीनदार आणि शेतकरी घरांच्या ताटाभोवती फिरतं. भिल्ल आणि पावरा घरांतल्या भाकरी, रानभाज्या, मासे; दलित वस्तीतलं मटण आणि त्याचे वाळवून टिकवण्याचे प्रकार; मुस्लिम मोहल्ल्यातली रमजानची संध्याकाळ; सालदाराच्या घरचं रोजचं जेवण, हे सगळं तितकंच खान्देशी आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ आदिवासी गावं बाधित झाली. नर्मदाकाठच्या मासे-रानभाज्यांवर वाढलेली कुटुंबं तळोद्याकडच्या वसाहतींत आली, तेव्हा त्यांच्या ताटातून काय गेलं आणि काय आलं? गरोदर आदिवासी महिलांसाठीच्या अमृत आहार योजनेतलं चौरस जेवण अंगणवाडीत प्रत्यक्ष कसं शिजतं? खाद्यपत्रकारितेत भूकही येते. तिला बाजूला ठेवून फक्त मेजवान्या लिहिणं मला अर्धवट वाटतं.

चौथी पायरी: कागद

माणसं आठवणीतून बोलतात. म्हणून कागदांशी पडताळा हवा. १८८० मध्ये निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खान्देशाचा आहे. इंग्रजीत आहे, इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतो. त्यात पिकं, बाजार, भाव, वेगवेगळ्या जातींचं खाणं यांची नोंद आहे. वाचताना तो साहेबाच्या नजरेने लिहिलेला आहे, हे विसरू नका. आकडे घ्या, जातींवरचे शेरे तपासल्याशिवाय घेऊ नका. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आणि श्री समर्थ वाग्देवता मंदिर आहे. जुनी कागदपत्रं आणि हस्तलिखितं बघायची सवय तिथे लागते. नेमकं काय शोधताय ते आधी पत्राने कळवून गेलात तर दिवस वाया जात नाही.

रोजच्या भावांसाठी पणन मंडळाचं संकेतस्थळ आणि बाजार समितीचा फलक. मानांकनाचे अर्ज चेन्नईच्या भौगोलिक उपदर्शन नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहेत. वाण, मशागत, हद्द, इतिहासाचे पुरावे असं सगळं त्यात असतं, आणि शेतात दिसलेल्या गोष्टींशी ताडून बघायला ते फार उपयोगी पडतं. सरकारी योजनांची माहिती मागूनही मिळत नसेल तर माहिती अधिकार, २००५: दहा रुपये शुल्क, साधारण तीस दिवसांत उत्तर. प्रश्न नेमका लिहा. ‘अमृत आहाराची सर्व माहिती द्या’ याला गोल उत्तर येतं. ‘अमुक प्रकल्पात अमुक वर्षी महिनावार किती लाभार्थी’ याला आकडा येतो.

पाचवी पायरी: छापून आणणं

आधी जिल्हा आवृत्तीच्या पुरवणीत लिहा. मानधन थोडं किंवा नाहीच, पण सहा-आठ चांगली कात्रणं हाताशी असली की पुढचा संपादक फोन उचलतो. पत्रकारितेचं रीतसर शिक्षण हवं असेल तर जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात ती सोय आहे. पदवी नसली म्हणून अडत मात्र नाही.

संपादकाला पूर्ण लेख पाठवण्याआधी प्रस्ताव पाठवा. तो असा असावा:

‘महोदय, मे महिन्यात अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरांत घरोघरी कैऱ्यांच्या फोडी वाळत पडलेल्या असतात. हा आमचूर मोलगीच्या बाजारात येतो आणि तिथून बाहेर जातो. कैरी उतरवणाऱ्या कुटुंबाला मिळणारा भाव आणि शहरातल्या किराणा दुकानातला भाव यांमधला प्रवास मला १,२०० शब्दांत लिहायचा आहे. दोन कुटुंबांशी आणि एका व्यापाऱ्याशी बोलणं झालं आहे. छायाचित्रं माझीच. मजकूर १० जूनपर्यंत देईन.’

एवढंच. स्वतःची ओळख एका ओळीत, कात्रणांचे दुवे दोन. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एक आठवण, मग दुसरा संपादक. एकच लेख एकाच वेळी दोघांना पाठवू नका.

सहावी पायरी: पैसे आणि पत

निव्वळ लेखनावर घर चालायला वर्षं लागतात. तोवर नोकरी, शेती, शिकवणी, अनुवाद काहीतरी हाताशी ठेवा; त्यात कमीपणा नाही. मानधनाचा आकडा लिहिण्याआधी लेखी घ्या, साध्या मेसेजवर चालेल. पावती द्या, पॅन द्या. मानधनातून कर कापला गेला, बहुधा १० टक्के, तर तो तुमच्या नावावर जमा झाला का ते आयकराच्या संकेतस्थळावर पाहा.

हॉटेलात बिल स्वतः द्या. मालक ओळखीचा निघाला आणि ‘तुमच्याकडून कसले पैसे’ म्हणाला तरी द्या. घरी कुणी जेवू घातलं तर नाही म्हणू नका, ते त्यांच्या मनाला लागेल. फक्त लेखात तसं नमूद करा. मसाला कंपनी किंवा हॉटेल यांच्याकडून पैसे घेऊन लिहिलेला मजकूर जाहिरात म्हणूनच छापा. लहान गावात पत एकदा गेली की कुणी दार उघडत नाही.

सातवी पायरी: पुस्तक

पाच-सहा वर्षांचे लेख एकत्र बांधले की पुस्तक होतं, असं नाही. एक प्रश्न लागतो. ‘खान्देशातली ज्वारी कुठे गेली आणि कळण्याची भाकरी का टिकली?’ हा पुस्तकाचा प्रश्न आहे. ‘खान्देशी पदार्थ’ हा नाही. प्रकाशकाला पाठवताना दोन पानी आराखडा, प्रकरणांची यादी आणि पूर्ण लिहिलेली दोन प्रकरणं द्या.

जुन्या लेखांचा हक्क कुणाचा, हे आधी तपासा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही वर्तमानपत्राच्या नोकरीत असताना लिहिलेला मजकूर नियतकालिकात छापण्याचा हक्क मालकाचा असतो. वेगळा करार नसेल तर बाकी हक्क, म्हणजे पुस्तकाचासुद्धा, तुमचा. नोकरीत नसाल आणि हक्क लेखी सोडले नसतील तर सगळेच तुमचे. पदार्थाच्या साहित्याची नुसती यादी कुणाच्या मालकीची होत नाही. तुमची वाक्यं, मांडणी आणि छायाचित्रं मात्र तुमचीच.

करारात मुदत लिहिली नसेल तर कायद्याने हक्कांचं हस्तांतर पाच वर्षांचं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. म्हणून ‘कायमस्वरूपी, सर्व भाषा, सर्व माध्यमं’ असं कलम दिसलं तर थांबा, अनुवाद आणि ऑडिओ वेगळे काढायला सांगा. रॉयल्टी छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर, पहिली आवृत्ती किती प्रतींची, हिशेब वर्षातून कधी, हे तीन प्रश्न लाजू नका, विचाराच. लेखकाकडूनच पैसे घेऊन छापणारेही भेटतील. त्यापेक्षा स्वतः छापलेलं बरं. भारतात आयएसबीएन राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. वितरणाचं ओझं मात्र तुमच्याच खांद्यावर येतं, आणि ते हलकं नसतं.

छापण्याआधी ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना त्यांचा भाग वाचून दाखवा. नानींना वाचता येत नसेल तर त्यांच्याच ओट्यावर बसून, मोठ्याने. त्या मापं दुरुस्त करतील, नाती दुरुस्त करतील, एखादं नाव काढायला सांगतील. ते सगळं वहीच्या शेवटच्या पानांवर तारखेसह उतरवा, मुद्रितांत घाला, आणि पुस्तक निघाल्यावर कळलेल्या चुका त्याच पानांवर दुसऱ्या आवृत्तीसाठी जमा करत राहा.